घरच्या नॅससाठी सर्व्हर बोर्ड: कुठला घ्यावा, कुठला सोडावा

घरी नॅस, म्हणजे सगळ्यांच्या फाइली नेटवर्कवर ठेवणारं मशीन, बांधायचं ठरलं की लोक पहिला प्रश्न प्रोसेसरचा विचारतात, आणि खरं सांगायचं तर नॅसमधे प्रोसेसरची काळजी सगळ्यात शेवटी करायची. फाइली वाचून नेटवर्कवर ढकलायला आजकालचा कुठलाही चार कोरवाला पुरतो, गिगाबिट लॅनवरून सेकंदाला ११०-११५ मेगाबाइटच्या वर तसंही काही जात नाही आणि तेवढं तर एकटी हार्ड डिस्कसुद्धा देते. गाडी अडते ती बोर्डवर. साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, किती, रॅम कुठल्या प्रकारची बसते, मशीन लटकलं तर दुरून हात घालता येतो का, आणि रिकामं बसलेलं असताना वीज किती खातं. या चार गोष्टींवर बोर्ड निवडायचा, मग त्यात जो प्रोसेसर बसेल तो बसेल.

सर्व्हर बोर्डच का, साधा डेस्कटॉपचा का नको, तर दोन कारणं: ईसीसी रॅम, म्हणजे स्वतःच्या चुका पकडून दुरुस्त करणारी रॅम, आणि आयपीएमआय, म्हणजे दुरून मशीन हाताळायची सोय. या दोन्हींपैकी काहीच नको असेल तर सर्व्हर बोर्डच्या वाटेला जाऊच नका, उगाच खर्च आणि डोक्याला ताप.

ईसीसीवरून भांडणं फार होतात म्हणून तेवढं आधी. नॅसवाल्यांच्या आवडत्या झेडएफएस या फाइल सिस्टिमला ईसीसी लागतेच असं काही नाही, आणि ईसीसी नसली तर झेडएफएस इतर फाइल सिस्टिमपेक्षा जास्त धोक्यात येते हेही खरं नाही. पण रॅममधेच एखादा बिट फिरला आणि त्यानंतर चेकसम, म्हणजे डेटा बिघडला का ते तपासायचा आकडा, काढला गेला, तर झेडएफएस तो बिघडलेला डेटा इमानेइतबारे सांभाळत बसणार, कारण तिच्या लेखी तो बरोबरच आहे. दहा-पंधरा वर्षांचे फोटो ठेवायचे असतील तर मी ईसीसी घेईन, नुसते डाउनलोड केलेले सिनेमे असतील तर नाही घेणार. आणि डीडीआर५ मधे ईसीसी आपोआप असते असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका, ती चिपच्या आतल्या आत चालणारी दुरुस्ती असते, रॅमपासून प्रोसेसरपर्यंतच्या रस्त्यावर ती काही करत नाही. खरी ईसीसी हवी तर डीडीआर५ मधेही वेगळी ईसीसीवाली स्टिकच लागते.

आयपीएमआय म्हणजे बोर्डवर बसलेला एक वेगळा छोटा कॉम्प्युटर, बहुतेक बोर्डांवर एस्पीड कंपनीची एएसटी२५०० किंवा तिच्या पुढची चिप असते. मशीन बंद असलं तरी तो जागा असतो, त्यामुळे ब्राउझरमधून मशीन चालू करा, बायोसमधे शिरा, आयएसओ लावून ओएस टाका, मॉनिटर-कीबोर्ड लागतच नाही. नॅस माळ्यावर किंवा कपाटात असेल तर याची किंमत कळते, टेबलाशेजारीच असेल तर तेवढी नाही. फुकट मात्र नाही, ती चिप दिवसरात्र साधारण पाच वॅट खात बसते. आणि एक गोष्ट लक्षात ठेवाच, सुपरमायक्रोच्या बोर्डवर आयपीएमआयच्या वेगळ्या पोर्टला केबल नसली तर ते मूळ सेटिंगप्रमाणे पहिल्या लॅन पोर्टवर जाऊन बसतं, म्हणजे तुम्हाला वाटतं आयपीएमआय बंद आहे आणि ते मात्र तुमच्या नेटवर्कवर आरामात हजर. जुन्या बोर्डांना वरून युजरनेम-पासवर्ड दोन्ही एडमिनच. २०२० पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे प्रत्येक बोर्डला वेगळा पासवर्ड स्टिकरवर छापून यायला लागला. काहीही असो, हे इंटरनेटवर उघडं कधीच ठेवायचं नाही.

आता उमेदवार.

सगळ्यात आधी माझा आवडता, इंटेलचा सी२४६ चिपसेट. सुपरमायक्रोचा एक्स११एससीएच-एफ घ्या किंवा एएसरॉक रॅकचा ई३सी२४६डी४यू, दोन्ही मायक्रो एटीएक्स, दोन्हींवर आठ साटा पोर्ट. याची गंमत अशी की यात झिऑन घ्यायची गरजच नाही, साधा कोअर आय३-९१०० टाकला तरी ईसीसी चालते. इंटेलने त्या काळात आय३ ला ईसीसी ठेवली होती आणि आय५-आय७ ला नाही, हे उलटं वाटतं पण तसंच आहे, आणि दहाव्या पिढीत डेस्कटॉपच्या आय३ चीही काढून घेतली. म्हणून आठव्या-नवव्या पिढीचा आय३ अजून लोक शोधत फिरतात. रिकामा असताना वीज कमी खातो, आत ग्राफिक्स असल्यामुळे क्विक सिंक या इंटेलच्या सोयीवर व्हिडिओ ट्रान्सकोडही होतो, म्हणजे दुसऱ्या फॉरमॅटमधे बदलता येतो. फक्त घेण्याआधी एवढं विचारून घ्या की त्या बोर्डच्या बायोसमधे आतलं ग्राफिक्स चालू ठेवून आयपीएमआयचा स्क्रीनही दिसतो का, कारण दोन्ही एकत्र नांदतातच असं नाही. रॅम मात्र अनबफर्ड (मधे बफर चिप नसलेली) ईसीसी लागते आणि ती थोडी महागात पडते. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड (बफर चिप असलेली) रॅम बाजारात ढिगाने असते, स्वस्त असते, स्लॉटमधे बसतेही, पण या बोर्डवर चालत नाही. वापरलेली रॅम घेताना इथे सगळ्यात जास्त लोक फसतात.

दुसरा प्रकार, प्रोसेसर बोर्डवरच चिकटवलेला, अॅटम सी३०००. सुपरमायक्रोचा ए२एसडीआय-८सी-एचएलएन४एफ बघा, मिनी आयटीएक्स एवढ्या छोट्या बोर्डवर बारा साटा, चार लॅन, चार रॅम स्लॉट, आणि त्यावरच्या सी३७५८ प्रोसेसरचा टीडीपी, म्हणजे कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा, २५ वॅट. चार कोरवाल्या भावंडात सी३५५८ येतो, १६ वॅटचा. शिवाय यात रजिस्टर्ड रॅमही चालते, २५६ जीबीपर्यंत, म्हणजे वरच्या बोर्डची रॅमची रड इथे नाही. छोट्या केसमधे आठ-दहा डिस्क कोंबायच्या असतील तर याच्याइतकं सुटसुटीत काही नाही, डिस्कचे पोर्ट वाढवणारं वेगळं एचबीए कार्डही नको. पण एकेक कोर हळू आहे, एकाच कोरवर चालणारी कामं, जसं सांबा या फाइल शेअरिंगवरून एका युजरची मोठी कॉपी, दहा गिगाबिटवर इथे दम लागतो. ग्राफिक्स नाही, म्हणजे ट्रान्सकोडिंग विसरा. आणि वरचा हीटसिंक बिनपंख्याचा असतो म्हणून लोक समजतात की बोर्डला पंखाच नको, तसं नाहीये, तो केसमधून हवा वाहणार आहे असं गृहीत धरूनच बनवलाय.

अॅटममधेच जुनी सी२००० मालिका, सी२५५० आणि सी२७५०, वापरलेली स्वस्तात दिसते. नको. त्यात इंटेलचा एव्हीआर५४ नावाचा दोष होता, आतला क्लॉक सिग्नल काही काळाने मरतो आणि मग बोर्ड चालूच होत नाही, २०१७ मधे हे सगळीकडे गाजलं होतं. नंतरच्या सी० स्टेपिंगमधे, म्हणजे चिपच्या सुधारित आवृत्तीत, दुरुस्त केला, पण विकणाऱ्याला स्टेपिंग विचारून खरं उत्तर मिळेल याची काय खात्री.

एएमडीवाल्यांसाठी एएसरॉक रॅकचा एक्स४७०डी४यू. एएम४ सॉकेट, आयपीएमआय आहे, अनबफर्ड ईसीसी चालते, आणि त्याच्या टू-टी प्रकारात दोन दहा गिगाबिटचे पोर्ट बोर्डवरच. नॅसबरोबर चार-सहा व्हर्च्युअल मशीन आणि डझनभर कंटेनर चालवायचे असतील तर इथे कोर भरपूर मिळतात. पण नुसतं नॅस करायचं तर मी याच्याकडे वळणार नाही, कारण चिपलेटवाले, म्हणजे अनेक छोट्या चिपा जोडून बनवलेले, रायझन रिकामे असतानाही इंटेलपेक्षा जास्त वीज ओढतात. मग कमी खाणारे जी वाले (आत ग्राफिक्स असलेले) घेऊ म्हणावं तर ५६००जी सारख्या साध्या जी मधे ईसीसी नाही, प्रो वालाच लागतो, ५६५०जी वगैरे. म्हणजे फिरून तिथेच.

जुन्या दणकट सर्व्हर बोर्डांचा मोह सगळ्यांना होतो. एक्स१०एसआरएल-एफ घ्या, दहा साटा, आठ रॅम स्लॉट, सात पीसीआय एक्सप्रेस स्लॉट, रजिस्टर्ड रॅम मातीमोल भावात, झिऑन ई५ तर कुणी विचारत नाही इतका स्वस्त. सगळं पटतं, पण वर्षभर चालू राहणाऱ्या मशीनमधे दर दहा वॅटमागे वर्षाला साधारण ८८ युनिट जातात, आणि हे बोर्ड वरच्या आय३ पेक्षा दहा नाही, बरेच जास्त वॅट ओढतात, पुढचा हिशोब तुमच्या बिलावर करा. कूलरही बघून घ्या, याच्या सॉकेटला अरुंद आयएलएम, म्हणजे प्रोसेसर दाबून धरणारी चौकट, असतं, नेहमीचा चौकोनी कूलर बसत नाही. दोन सॉकेटवाले तर घरात आणूच नका.

नवंच घ्यायचं तर डब्ल्यू६८० चिपसेट, त्यात आय५-१३५०० सारख्यावरही ईसीसी चालते, सुपरमायक्रोचा एक्स१३एसएई-एफ आणि असूसचा प्रो डब्ल्यूएस डब्ल्यू६८०-एस (इंग्रजीत ACE) ही ठळक नावं. असूसवाल्यात आयपीएमआय हवं तर नावात आयपीएमआय लिहिलेला प्रकार घ्यायचा, त्याबरोबर वेगळं कार्ड येतं आणि ते एक स्लॉट खातं. चांगले आहेत, महाग आहेत, डीडीआर५ ची ईसीसी रॅम त्याहून महाग. खिसा परवानगी देत असेल तर प्रश्नच नाही.

आणि एन१०० वाले छोटे बोर्ड, सहा साटा, चार लॅन. हे सर्व्हर बोर्ड नाहीत, तरी तुलनेत घेतो कारण विचारणारे विचारतातच. वीज खरंच कमी, पण प्रोसेसरला पीसीआय एक्सप्रेसच्या एकूण नऊच लेन (कार्डं-चिपांशी बोलायच्या वाटा), रॅमचा एकच चॅनल, आयपीएमआय नाही, आणि साटा पोर्ट येतात जेएमबी५८५ किंवा एएसएम११६६ सारख्या वेगळ्या चिपवरून. चार डिस्क, ईसीसीचा आग्रह नाही, मशीन हाताशी आहे, एवढं असेल तर हाच घ्या आणि माझं वरचं सगळं सोडून द्या.

बोर्ड सुपरमायक्रोचा असेल तर पंख्यांचं आधीच सांगून ठेवतो. घरात आवाज नको म्हणून आपण मोठे, हळू फिरणारे पंखे लावतो, बीएमसीला, म्हणजे आयपीएमआयवाल्या त्या चिपला, वाटतं पंखा बंद पडला, ती सगळे पंखे फुल स्पीडला नेते, वेग वाढला की तिचं समाधान होतं, मग परत खाली आणते, परत घाबरते, आणि रात्रभर हेच चालू. आयपीएमआयटूल या कमांडने त्या पंख्याच्या वेगाच्या खालच्या तीन मर्यादा उतरवल्या की थांबतं. डिस्कसमोरचा पंखा फॅन-ए वर लावा, तो झोन प्रोसेसरच्या झोनपासून वेगळा असतो.

पोर्टांच्या आकड्यावर पण डोळे झाकून जाऊ नका, कितीतरी बोर्डांवर एम.टू स्लॉटमधे साटावाली एसएसडी लावली की एक साटा पोर्ट गुपचूप बंद होतो. मॅन्युअलमधे ब्लॉक डायग्राम असतो, तो बघून कुठलं काय कुणाच्या जिवावर चालतंय ते कळतं. पोर्ट कमी पडले तर एलएसआयचं ९२०७-८आय किंवा ९३००-८आय हे एचबीए कार्ड आयटी मोडमधे (रेड न लावता डिस्क जशाच्या तशा दाखवणारा) घालून आठ डिस्क वाढवता येतात, पण ते कार्ड दहा वॅटच्या आसपास खातं, तापतं, आणि प्रोसेसरला गाढ झोपू देत नाही, म्हणून मी आधीच आठ पोर्टवाला बोर्ड शोधा म्हणतो.

वापरलेला घेणार असाल तर विकणाऱ्याकडून तीन गोष्टी मागा: मागची आयओ पट्टी, आयपीएमआयच्या पासवर्डच्या स्टिकरचा फोटो, आणि सॉकेटच्या पिनांचा जवळून, तिरक्या उजेडात काढलेला फोटो. इंटेलच्या या सॉकेटमधे पिना बोर्डवर असतात, एक जरी वाकलेली असली तरी कधी एक रॅम स्लॉट दिसत नाही, कधी एक लेन. बोर्ड हातात आला की लिनक्स लाइव्ह टाकून डीएमआयडीकोड या कमांडने मेमरीची माहिती काढा, टोटल विड्थ ७२ आणि डेटा विड्थ ६४ दिसली पाहिजे (डीडीआर४ मधे). दोन्हीकडे ६४ दिसलं तर ईसीसी चालू नाही, मग परत करायची मुदत संपायच्या आत रॅम चुकीची आलीय की प्रोसेसर, ते शोधा.