निर्दोषत्वाच्या तत्त्वावरचा ऑनलाइन कोर्स: खटल्याचा भाग उत्तम, जामिनाचा अर्धवट

भाची यंदा कायद्याला गेली, तिच्यासाठी हा कोर्स घेतला. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपीला निर्दोष मानायचं, हे ते तत्त्व. माझी सगळी नोकरी फौजदारी कोर्टात बेंच क्लार्क म्हणून झालेली, त्यामुळे तिच्या शेजारी बसून मीही तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. पाचपैकी चार तारे.

सगळ्यात जमलेला धडा वूलमिंग्टन खटल्याचा. रेजिनाल्ड वूलमिंग्टन हा इंग्लंडमधला २१ वर्षांचा शेतमजूर. त्याच्या हातातल्या बंदुकीच्या गोळीने त्याची बायको गेली. बंदूक चुकून उडाली, असं त्याचं म्हणणं. न्यायाधीशांनी ज्युरीला, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांना, सांगितलं की गोळी याच्या हातून सुटली हे सिद्ध झालं की तो खूनच धरायचा; अपघात होता हे त्याने दाखवावं. फाशी सुनावली गेली. १९३५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ती रद्द केली. गुन्हा सिद्ध करणं सरकार पक्षाचं काम, आरोपीच्या दोषाबद्दल वाजवी शंका उरली तर तो सुटला पाहिजे. शिक्षक इथे अजिबात घाई करत नाहीत. ज्युरीला दिलेल्या सूचना आणि लॉर्ड्सचा निकाल शेजारी शेजारी दाखवतात आणि 'तुम्ही ज्युरीत असता तर?' असं विचारून थांबतात. भाचीने तिथेच व्हिडिओ थांबवला आणि माझ्याशी कडाडून भांडली. शिकवणं असं हवं.

कपड्यांवरचा धडाही चुकवू नका. तुरुंगाच्या कपड्यांत ज्युरीसमोर उभं राहायची सक्ती आरोपीवर करता येत नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७६ साली एस्टेल विरुद्ध विल्यम्स खटल्यात म्हटलं. तरीही आरोपी विल्यम्स हरला! त्याने तुरुंगात स्वतःचे कपडे मागितले होते, ते मिळाले नाहीत. पण खटल्यात त्याच्या वकिलाने हरकतच घेतली नव्हती. बेड्या घातलेला माणूस आत आला की मागच्या बाकांवरचे लोक त्याच्याकडे कसे बघतात, ते मी रोज पाहिलंय. निकाल तिथेच लागलेला असतो.

जामिनावर मात्र कोर्स घाईघाईत उरकलाय, आणि याचा मला खरोखर राग आला. कोठडीतल्या माणसाची नोकरी जाते, त्याला साक्षीदार शोधता येत नाहीत, वकिलाशी निवांत बोलता येत नाही. बेल विरुद्ध वोल्फिश या १९७९ च्या निकालात अमेरिकेच्याच सुप्रीम कोर्टाने म्हटलं की खटल्याआधी कोठडीत असलेल्यांचे तिथले हक्क ठरवताना निर्दोषत्वाचं तत्त्व लागूच होत नाही. इतक्या मोठ्या निकालाचा कोर्समध्ये उल्लेखही नाही.

चाचण्या निव्वळ सनावळीच्या आहेत, त्या सोडल्या तरी चालतील. आवाज स्वच्छ आहे.

कायद्याच्या पहिल्या वर्षाला असाल तर जरूर घ्या. जामिनाचा धडा झाला की बेल विरुद्ध वोल्फिशचा निकाल आणि त्यातलं न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचं विरोधी मत वेगळं वाचा. भाचीला मी तेच वाचायला दिलंय.