मोतमावलीसमोरचा मेणाच्या वस्तूंचा स्टॉल, प्रॉटेस्टंट जावयाचा रिव्ह्यू

बांद्र्याला माउंट मेरी बॅसिलिका, म्हणजे मोतमावलीच्या चर्चबाहेर मेणबत्त्यांचे स्टॉल ओळीने आहेत त्यातलाच एक, नाव-बोर्ड काही नाही. मी नगरकडचा, लहानपणापासून बाकावर बसून उपासना केलेला माणूस, बायको वसईची कॅथलिक, त्यामुळे सासूबाईंना घेऊन जाणं माझ्याकडे आलं.

माल एक नंबर. साध्या मेणबत्त्या तर आहेतच, पण मेणाचे हात, पाय, डोळे, बाळ, घर, विमानसुद्धा (व्हिसावाल्यांसाठी असणार). ज्यासाठी नवस, त्याचा आकार आत वाहायचा. सासूबाईंनी पाय घेतला, पाचही बोटं नखांसकट नीट उठलेली, कुठे फुगा नाही की चीर नाही. स्टॉलवाल्या आंटीने पेपरात गुंडाळून दिला.

आता मला राहवेना. म्हटलं आई, बायबलात निर्गमाच्या विसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय ना, कोरीव मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको. मेहुणा तयारच होता, म्हणाला भाऊजी पाच अध्याय पुढे जा, कराराच्या कोशावर, म्हणजे दहा आज्ञांच्या पेटीवर, सोन्याचे करूब (पंखवाले देवदूत) करायला देवानेच सांगितलंय, आणि देवाच्याच सांगण्यावरून केलेला मोशेचा पितळी साप? मी म्हटलं तोच साप लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले म्हणून हिज्कीया राजाने फोडून टाकला, ते पण वाच. मग त्याने 787 सालची निकियाची बिशपांची परिषद काढली, मूर्तीला मान द्यायचा, आराधना फक्त देवाची. कागदावर पटतं हो, पण रांगेत काचेला कपाळ टेकणाऱ्या बाईच्या मनात ही रेघ कुठे असते?

आंटी सुट्टे मोजता मोजता म्हणाली, "तुमच्या चर्चमध्ये क्रूस असतो ना?" म्हटलं असतो, पण रिकामा, येशूची मूर्ती नसते त्यावर. "मग बाळा, तो पण लाकडाचाच." घ्या!

खरं सांगू का, मला मूर्तीपेक्षा तो पाय खटकतो. गुडघा बरा कर, पाय वाहते, हा सौदा झाला. आमच्याकडे पोरगं पास झालं की आभारदानाचं पाकीट जातं, पण ते काम झाल्यावर. हे बोललो तर सासूबाई म्हणाल्या, "मी तरी कुठे मागायला आलेय, गुडघा मागच्याच वर्षी बरा झाला, आज थँक्यू म्हणायला आलेय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आंटी हसत होती. तरी मी स्वतः काही वाहणार नाही, ते नाहीच. गंमत म्हणजे रांगेत आमच्या पुढेमागे निम्मे तरी हिंदू असतील, त्यांना आमच्या दोघांच्या भांडणाशी काही घेणंदेणं नाही.

तक्रार एकच, भाव लिहिलेला नाही, शेजारी तोच पाय स्वस्त सांगत होते, त्यामुळे आधी दोन-तीन ठिकाणी विचारा. यूपीआय चालतं. 8 सप्टेंबरच्या सणानंतर आठवडाभर जत्रा असते तेव्हा वयस्कर माणसांना घेऊन जाऊ नका, गर्दीत उभं राहवत नाही, त्याऐवजी साध्या दिवशी सकाळी जा. गाडी नेऊच नका, बांद्रा स्टेशनवरून रिक्षा करा.

चार स्टार. पाचवा भावाची पाटी लावल्यावर.