ओपन-बॅक की क्लोज्ड-बॅक, आणि साउंड कार्ड खरंच हवं का? रँक्ड गेम आणि संगीत दोन्ही एकाच हेडफोनवर ऐकणाऱ्यांसाठी

काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट हे टीमने खेळायचे गोळीबाराचे गेम रँक्ड, म्हणजे क्रमवारीसाठी, खेळायचे आणि त्याच खुर्चीत बसून रात्री गाणंही ऐकायचं, असा माणूस हेडफोन शोधायला लागला की यादी हळूहळू आखडत दोन जोड्यांवर येते. एक बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, क्लोज्ड-बॅक, म्हणजे कपाची मागची बाजू बंद. दुसरा सेन्हायझरचा एचडी ५६०एस, ओपन-बॅक, म्हणजे मागची बाजू जाळीदार, मोकळी. मग पुढचा प्रश्न: सोबत साउंड ब्लास्टर जी६सारखं गेमिंगचं साउंड कार्ड घ्यायचं, की फिओसारख्या कंपनीचा साधा, दोनच चॅनेलचा डॅक-अँप, म्हणजे डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करून देणारी डबी, पुरेल? या निवडीतून मी गेलो आहे. मी ज्या कारणाने निर्णय घेतला ते परीक्षणांमध्ये फारसं दिसत नाही, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे.

आधी पावलांच्या आवाजाचं, कारण सगळे तेच विचारतात. डावी-उजवी दिशा कळायला महागडा हेडफोन लागत नाही. एका कानाला आवाज दुसऱ्या कानापेक्षा जेमतेम ०.७ मिलिसेकंदापर्यंत आधी पोचतो, थोडा मोठाही लागतो, आणि तेवढ्यावर मेंदू दिशा ठरवतो. डावा आणि उजवा ड्रायव्हर, म्हणजे कपातला छोटा स्पीकर, नीट जुळलेला असला की झालं, आणि या दोन्ही जोड्यांत तो जुळलेला असतो. खरी परीक्षा पुढे-मागे आणि वर-खाली ओळखण्यात आहे. ती माहिती कानाच्या पाळीच्या घडणीतून येते आणि मुख्यतः वरच्या पट्टीतल्या आवाजात दडलेली असते. कानाच्या घडणीने आवाज कसा बदलतो याचं गणित, म्हणजे एचआरटीएफ, काउंटर-स्ट्राइक २ स्वतःच करतो. व्हॅलोरंटमध्येही २०२१पासून तो पर्याय आहे. न्यूक हा नकाशा खेळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी ए साइट वर, बी साइट बरोबर तिच्या खाली, आणि पाऊल कुठल्या मजल्यावर वाजलं हे कळण्यावर राउंड जातो किंवा राहतो. तिथे मला एचडी ५६०एसवर वरचं-खालचं थोडं लवकर उमगतं. त्याचे ड्रायव्हर कानासमोर किंचित तिरके बसवलेले आहेत. त्याचा परिणाम असेल किंवा वरची पट्टी मोकळी असल्याचा असेल. हे मी मोजलेलं नाही. गेममधला एचआरटीएफ कुणा दुसऱ्याच्या किंवा सरासरी कानावर बेतलेला असतो, त्यामुळे तुमच्या कानांना उलटाही अनुभव येऊ शकतो.

खर्जाच्या बाबतीत फरक जास्त स्पष्ट आहे. डीटी ७७०चा खर्ज मुद्दाम भरलेला आहे. ढोल-ताशा, जोरकस फिल्मी गाणं, इलेक्ट्रॉनिक संगीत त्यावर ऐकताना अंग हलतं, आणि त्या बाबतीत एचडी ५६०एस त्याच्या जवळपासही येत नाही. मात्र खालचे मोठे आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकतात, हा कानाचाच स्वभाव आहे. ग्रेनेड फुटल्यावरच्या क्षणात दाराआडचं पाऊल हरवतं ते त्यामुळे. संगीतातही तेच होतं: तबल्यातला डग्गा घुमायला लागला की तानपुऱ्याची जवारी मागे सरकते. सपाट सुराची सवय नसेल तर एचडी ५६०एस पहिले काही दिवस कोरडा वाटेल, हे मान्य. मला पुढे तो कोरडेपणाच आवडायला लागला.

एवढ्यावर थांबलो असतो तर निवड पन्नास-पन्नास राहिली असती. पारडं झुकलं ते स्वतःच्या आवाजामुळे.

क्लोज्ड-बॅक हेडफोन लावून टीमशी बोलून बघा. कुठल्याही कंपनीचा घ्या, ही बाब रचनेचीच आहे. कान झाकला की तोंडातून निघून हवेतून येणारा आपला आवाज, विशेषतः त्यातली व्यंजनं आणि धार, कानापर्यंत पोचत नाही. उलट हाडांतून येणारा खालचा गुंगणारा भाग आतच कोंडला जाऊन फुगतो. दोन्ही कानांवर हात दाबून बोललात की जे ऐकू येतं तेच. आता वर गोळीबार चालू आहे, चार जण एकदम बोलताहेत, आणि स्वतःचं बोलणं नीट ऐकू येत नाही. अशा वेळी माणूस नकळत आवाज चढवतो. गोंगाटात बोलणाऱ्याचा आवाज आपोआप वाढतो हे एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११मध्ये नोंदवलं, आणि त्यांच्याच नावाने तो परिणाम आजही ओळखला जातो.

ओपन-बॅकबद्दल पहिला सल्ला मिळतो तो असा: आवाज बाहेर गळतो, रात्री घरात चालणार नाही. माझ्या घरातला अनुभव नेमका उलटा आहे. दार लावलेलं असेल तर ओपन-बॅकमधून गळणारा आवाज शेजारच्या खोलीत पोचत नाही. पोचतं ते माझं ओरडणं. क्लोज्ड-बॅक लावून खेळायचो तेव्हा अकरानंतर आतून आईचा आवाज यायचा, "अरे, हळू बोल, बाबा झोपलेत." मला मात्र मी हळूच बोलतोय असं वाटत असायचं. ओपन-बॅकवर माझा आवाज खोलीत जसा आहे तसा मला ऐकू येतो, त्यामुळे तो आपोआप आटोक्यात राहतो. शेवटचा एकटा उरलो आणि समोर तिघे असले तरी कॉल कुजबुजीत देता येतो.

क्लोज्ड-बॅकमधल्या या अडचणीवर इलाज म्हणून बहुतेक जण एक कप कानामागे सरकवतात. स्टुडिओत गाणारे एक कान मोकळा ठेवतात तो याचसाठी. पण गायकाला दिशा ओळखायची नसते. गेममध्ये एक कान काढला की दिशा ठरवणारी तुलनाच संपते. मग पावलं ऐकू येतात, पण कुठून ते कळत नाही. दुसरा इलाज साइडटोन: माइकमधला आपला आवाज परत आपल्याच कानात. गेमिंग हेडसेट आणि कार्डं ही सोय आवर्जून देतात. पण माइकबरोबर छताचा पंखा आणि कीबोर्डही कानात येतात. तो आवाज सॉफ्टवेअरमधून फिरून येत असेल तर किंचित उशिरा येतो, पोकळ वाटतो, आणि उशीर जास्त असेल तर बोलताना जीभच अडखळते. थेट हार्डवेअरमधून येणारा साइडटोन बरा असतो, हेही खरं. तरीही जी गोष्ट ओपन-बॅकमध्ये काहीही न करता मिळते, ती परत आणायला एक सोय, एक स्लायडर आणि थोडा गोंगाट विकत घ्यायचा, हे मला पटलं नाही.

संगीताच्या बाजूनेही याचा फायदा आहे. ऐकता ऐकता सूर धरायची सवय असलेल्यांना किंवा फोनवरचा तानपुरा लावून रियाज करणाऱ्यांना क्लोज्ड-बॅकमध्ये आपला सूर नेमका कुठे लागतोय ते कळत नाही. ओपन-बॅकमध्ये तो तानपुऱ्याच्या शेजारी बसलेला ऐकू येतो.

ओपन-बॅकच्या विरोधात जे आहे तेही सांगतो. बाहेरचं सगळं आत येतं. दुपारी स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की राउंड गेला म्हणून समजा. पंखा पाचवर असेल तर आलापातली शांतता शांत राहत नाही. मी तो दोनवर आणतो आणि मे महिन्यात त्याची किंमत मोजतो. त्याच खोलीत भावंड अभ्यासाला बसत असेल, किंवा हॉस्टेलवर रूममेट झोपत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि क्लोज्ड-बॅक घ्या. अशा खोलीसाठी डीटी ७७० चांगलाच आहे. त्याचे मखमली पॅड घामातही रेक्झिनसारखे चिकटत नाहीत. फक्त केबल काढता येत नाही, हे लक्षात असू द्या: खुर्चीच्या चाकाखाली आली तर थेट सोल्डरिंगचं काम. एचडी ५६०एसची केबल निघते.

डीटी ९९० प्रोचं नावही या चर्चेत येतं. तो ओपन आहे, स्वस्तात मिळतो, मंच रुंद वाटतो. पण त्याची वरची पट्टी बरीच चढी आहे. पावलांना ती उपयोगी पडते. सारंगी किंवा हार्मोनियमवर मात्र तासाभराने कान थकतो. संगीत नुसतं तोंडी लावायला असेल तर जरूर बघा.

आता कार्ड. एके काळी ते खरंच लागायचं. १९९८मध्ये ऑरियलच्या व्होर्टेक्स २ चिपवर चालणारी कार्डं आली, त्याच वर्षी साउंड ब्लास्टर लाइव्ह आलं. त्या काळी त्रिमित आवाजाचा हिशोब ही कार्डं स्वतः करायची, आणि कार्ड असलेला खेळाडू खरोखर जास्त ऐकायचा. ऑरियल दिवाळखोरीत गेली, क्रिएटिवने ती विकत घेतली. मग विंडोज व्हिस्टाने, म्हणजे २००७च्या सुमारास, गेमच्या आवाजाला कार्डाच्या हार्डवेअरपर्यंत नेणारी जुनी वाटच बंद केली. तेव्हापासून हे काम प्रोसेसरवर, गेमच्या आतच होतं. कार्डाची कीर्ती उरली, कारण उरलं नाही.

आजची गेमिंग कार्डं व्हर्च्युअल ७.१ देतात, म्हणजे हेडफोनमध्ये चहूबाजूंच्या स्पीकरांचा, सराउंडचा, भास. गेममध्ये एचआरटीएफ चालू असताना ते लावलं तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि पुढचं-मागचं विरघळून जातं. म्हणून गेमसाठी ते बंद ठेवायचं, साधं स्टिरिओ. पावलं मोठी करणारा मोडही असतो. तो बारीक आवाज उचलतो हे खरं, पण लांबचं पाऊल जवळच्याइतकंच मोठं झालं की अंतर कसं ओळखायचं? संगीतासाठी तर यातलं काहीच नको. सवाई गंधर्व महोत्सवातल्या जुन्या मैफिली किंवा आकाशवाणीची मोनो ध्वनिमुद्रणं सराउंडमधून ऐकली की गायक न्हाणीघरात बसल्यासारखा लागतो. मी वापरलेल्या कार्डाचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की हे सगळे परिणाम पुन्हा चालू व्हायचे. गाणं लावायचं, काहीतरी बिनसलंय हे जाणवायचं, मग सेटिंग उघडायचं. साध्या डॅक-अँपला एक बटन असतं, आवाजाचं. तेच मला बरं वाटतं.

राहिला ताकदीचा प्रश्न. एचडी ५६०एस १२० ओहमचा आहे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) म्हणून लोक घाबरतात, पण एका व्होल्टला तो ११० डेसिबल देतो. ॲपलचा छोटा यूएसबी-सी ॲडॅप्टरसुद्धा, युरोपातली आवृत्ती सोडली तर, साधारण एक व्होल्ट देतो. म्हणजे ताकदीसाठी मोठं कार्ड घ्यायची गरज नाही. डीटी ७७०ची ८० ओहमची आवृत्तीही घरगुती अँपवर आरामात चालते. २५० ओहमच्या आवृत्तीला मात्र जरा दमदार अँप द्या.

गेमिंग कार्डाच्या बाजूने एक मुद्दा मी खोडणार नाही: माइकची जागा. जी६सारख्या कार्डात हेडफोन आणि माइक दोन्ही एकाच डबीत जातात. साध्या डॅकमध्ये बहुधा माइकसाठी सॉकेट नसतं. ओपन-बॅकला माइक वेगळा लागतोच. हेडफोनला चुंबकाने चिकटणारा मॉडमाइकसारखा घ्या किंवा टेबलावर यूएसबी माइक ठेवा. हे झंझट अजिबात नको असेल तर माइकसकट ओपन-बॅक असलेला ड्रॉप आणि ईपॉसचा पीसी३८एक्स बघता येईल, मिळाला तर.

पैसे एकदम घालू नका. आधी फक्त हेडफोन घ्या आणि मदरबोर्डच्या मागच्या जॅकला लावा. पुढचा जॅक नको. त्याची तार सगळ्या कॅबिनेटमधून फिरून येते आणि वाटेत ग्राफिक्स कार्डाची कुरकुर गोळा करते. रात्री पंखा बंद करा, आवाज रोज ऐकता तेवढाच ठेवा, काहीही न लावता माउस हलवा, एखादं जड पान वरखाली करा. माउसबरोबर सरसर किंवा बारीक शिट्टी ऐकू आली, तर बाहेरचा डॅक-अँप घ्या. कॅबिनेटच्या आत बसणारं कार्ड पुन्हा त्याच ग्राफिक्स कार्डाशेजारी जाऊन बसतं. घरातल्या सॉकेटला अर्थिंग नीट आहे ना, तेही त्याच वेळी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, कारण गुणगुण तिथून येत असेल तर कुठलाच डॅक ती थांबवणार नाही. आणि काहीच ऐकू आलं नाही, तर ते पैसे चांगल्या माइकवर घाला.