बारा ब्रास माती आणि तीन रेघा

आमच्या अंगणाचा फोटो सध्या एका माणसाच्या व्हॉट्सअॅपवर झळकतो आहे. हिरवंगार लॉन, कडेनं फुललेले गुलाब, दोन कोपऱ्यांत सोनचाफा, फाटकाला झेंडूचं तोरण. फोटो खरा आहे. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी अंगण अगदी तसंच दिसत होतं. मागच्या महिन्यात माझ्या ऑफिसातल्या एकीनं तोच फोटो मला पाठवला आणि विचारलं, "कराडच्या घराला या माणसाकडून बाग करून घ्यावी म्हणतोय, कसं वाटतंय काम?" तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. तक्रार दाखल केलेली आहे, निकाल लागायचा आहे, म्हणून नाव टाकत नाही.

घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, सासऱ्यांनी बांधलेलं. आम्ही पुण्यात नोकरीला, आई म्हणजे सासूबाई तिथेच राहतात. पुढचं अंगण चाळीस बाय तीस. त्यात आईंची तगर, जास्वंद, अबोली, डालड्याच्या जुन्या डब्यातला मोगरा आणि पहिल्या पावसाबरोबर आपली आपण उगवणारी गुलबक्षी. देवाला रोज परडीभर फुलं निघायची आणि शेजारणीही दोन नेऊन जायच्या. गेल्या वर्षी नणंदेच्या मुलीचा साखरपुडा याच अंगणात करायचं ठरलं, दसऱ्यानंतरच्या रविवारी. तेव्हा माझ्या मनात आलं की अंगण जरा नीट करून घ्यावं. हातात महिनाही नव्हता. पुढच्या सगळ्याचं मूळ या घाईत आहे, हे आधीच कबूल करते.

माणूस तिशीतला, बोलायला गोड. टॅबवर आमच्याच घराचा फोटो काढला आणि पंधरा मिनिटांत त्यावर बाग चढवून दाखवली. नवरा म्हणाला, वा. मी बँकेत कर्जाच्या फायली तपासते, कोटेशनवर शिक्का नसला तर फाईल परत पाठवते. इथे मात्र व्हॉट्सअॅपवर आलेल्या आठ ओळी मी कोटेशन म्हणून चालवून घेतल्या. तांबडी माती बारा ब्रास, ५४,००० रुपये. लॉन ८०० चौरस फूट, ३२,०००. शेणखत दोन ट्रॉल्या, १८,०००. कलमी गुलाब साठ, १५,०००. कलमी सोनचाफा दोन, ५,०००. कंपाउंडच्या कडेनं 'बारमाही हिरवी' झाडं पंचवीस, १०,०००. स्प्रिंकलर २२,०००. वर्षभराची देखभाल २४,०००. एकूण १,८०,०००. दसऱ्यापर्यंत सगळे दिले तर पाच हजार कमी.

तो पाच हजारांचा मोह! १,७५,००० रुपये तीन हप्त्यांत गेले आणि तेही फर्मच्या खात्यावर नाही. "जीएसटीचं जरा चालूय मॅडम, भावाच्या नंबरवर टाका."

आता हिशेब बघा. या आठ ओळींतल्या ज्या गोष्टी आम्ही डोळ्यांनी तपासू शकत होतो, म्हणजे हिरवळ, फुलं, पाण्याचा फवारा, त्या त्यानं दसऱ्याला चोख उभ्या केल्या. मोठी रक्कम होती जमिनीखालच्या मालाची आणि पुढच्या वर्षाच्या शब्दाची. तिथे कोण बघतंय?

आई बघत होत्या. काम सुरू झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीनं रेघा मारल्या, तांबड्या मातीच्या एका ट्रॉलीला एक रेघ. रेघा झाल्या तीन. फोनवर म्हणाल्या, "अगं, माती तीनच ट्रॉल्या आलीय. बाकी पहाटे डंपरनं काहीतरी ओततात, विचारलं तर भराव आहे म्हणतात." मी मीटिंगला निघाले होते. म्हटलं, "आई, डंपरमध्ये जास्त बसते माती." त्या गप्प बसल्या. हे वाक्य मला अजून आठवतं आणि आठवलं की कान गरम होतात.

ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे बांधकाम केलेल्या कुणालाही माहीत असतं. आमचं अंगण १,२०० चौरस फूट, त्यावर एक फूट थर द्यायचा तर बारा ब्रास लागते. कागदावर त्याचं गणित बिनचूक होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण ब्रासभर बसते. तीन ट्रॉल्या म्हणजे तीन ब्रास, म्हणजे तीन इंच. पुढे डिसेंबरात मी स्वतः खुरपं घेऊन बसले, तेव्हा बरोबर चार बोटं तांबडी माती निघाली. त्याखाली कुणाच्या तरी पाडलेल्या वाड्याचा राडारोडा: विटांचे तुकडे, चुन्याच्या गिलाव्याचे पोपडे, अर्धी शहाबादी फरशी, हिरव्या बांगडीची काच. एक पोपडा मी व्हिनेगरच्या वाटीत टाकला तर इनो घातल्यासारखा फसफसला. कोपऱ्यातल्या अनंताची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या का राहत होत्या, ते तेव्हा उमगलं. एवढा चुना असलेल्या जमिनीत अनंताला लोह मिळत नाही. तो बागवाला मात्र मला महिनाभर सांगत होता, "पाणी कमी पडतंय मॅडम."

साखरपुडा मात्र झकास झाला. फोटो इतके सुंदर आले की नणंदेनंही त्याचा नंबर मागून घेतला होता.

दिवाळीत लॉनमधून लव्हाळा वर आला. आधी चार पाती, मग आठवड्यात ताटलीएवढे पुंजके. उपटला की वरचं पातं हातात येतं आणि खालची काळी गाठ जमिनीतच राहते, तिथून पुन्हा दोन फुटतात. गाठीला गाठ जोडलेली, जपमाळेसारखी. लॉनचे तुकडे येतात त्यांच्याच तळच्या मातीत या गाठी असतात. एक तुकडा बादलीत खळबळून धुतला असता तर गाठी दिसल्या असत्या, पाच मिनिटांचं काम. मी लॉनच्या हिरव्या बाजूवर हात फिरवला होता, उलटून पाहिलं नव्हतं.

मग पिवळे डाग. देखभालीला म्हणून महिन्यातून एकदा येणारा पोरगा त्यावर युरिया फेकून जायचा. एका रविवारी मी डागाच्या कडेला धरून ओढलं तर लॉन सतरंजीसारखं उचललं गेलं. खाली मुळं नव्हतीच. होत्या त्या पांढऱ्या, करंगळीएवढ्या जाड, अर्धगोल वळलेल्या अळ्या, हातभर जागेत अकरा. हुमणी. आईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "शेण कच्चं होतं. मी म्हटलं होतं, वास येतोय." कुजलेलं शेणखत काळपट आणि भुसभुशीत असतं, त्याला वास येत नाही. आमच्याकडे ओतलं ते सरळ गोठ्यामागच्या उकिरड्यावरून उचललेलं, अळ्यांसकट. अठरा हजार रुपये देऊन आम्ही हुमणी पाळली.

गुलाबांचं तर सांगायलाच नको, पण सांगते, कारण याच जाळ्यात सगळ्यात जास्त माणसं अडकतात. साठ झाडं लावली तेव्हा प्रत्येकावर दोन-तीन टपोरी फुलं. पंधरा दिवसांत वीसेक झाडं काळी पडली. एक उपटायला गेले तर उदबत्ती घरातून निघावी तशी काडी अलगद हातात आली. खाली मूळ नाही, तिरका कापलेला बुंधा फक्त. फुलं असलेल्या फांद्या छाटून पिशवीत खोचलेल्या! मोजल्या तेव्हा बावीस भरल्या. उरलेल्या अडतीसांपैकी बऱ्याच झाडांचा डोळा, म्हणजे खुंटावर बसवलेला चांगल्या गुलाबाचा अंकुर, मेला आणि खालच्या रानटी खुंटाला जोमदार फूट आली. मी खुळी, 'गुलाबानं जीव धरला' म्हणून त्या फुटीचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकत होते. डोळा भरला त्या सांध्याच्या खालून निघालेली फूट ही कलमाची नसते, खुंटाची असते. ती वाढू दिली की वरचं कलम उपाशी मरतं. लहान सात-सात पानांची डहाळी दिसली तर संशय घ्यावा. आमच्या कलमी गुलाबांना बहुतेक पाच पानं होती.

शेवटी आईंच्या ओळखीच्या, नर्सरीत उभा जन्म काढलेल्या एका काकांना बोलावलं. त्यांनी अंगणभर एक चक्कर मारली आणि सोनचाफ्यापाशी उकिडवे बसले. खोडाला जमिनीपासून वीतभर वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली होती, कलमाच्या जोडाला बांधतात तशी. आम्ही ती कौतुकानं पाहुण्यांना दाखवायचो. काकांनी नखानं पट्टी सोडवली. आत साल गुळगुळीत, ना जोड, ना गाठ, ना छेदाची खूण.

"ताई, हे कलम न्हाई. बियाचं रोप हाय. पट्टी नुसती शोभेला."

"मग फुलं कधी येतील काका?"

"येतील की. आठ-धा वर्सांनी." मग आईंकडे बघून, "तवर आपण हाय न्हाय."

आई हसल्या, मला हसू आलं नाही. चांगलं कलम दुसऱ्या वर्षापासून फुलतं, म्हणून तर त्याची किंमत. आईंच्या माहेरी वेंगुर्ल्याकडे सोनचाफा होता, त्यांना देवासाठी तेवढंच एक झाड मनापासून हवं होतं. बाकी सगळी माझी हौस.

कंपाउंडच्या 'बारमाही हिरव्या' झाडांचं नाव काकांनीच सांगितलं: कोनोकार्पस. झपाट्यानं वाढतं, म्हणून ठेकेदारांचं लाडकं. मुळं मात्र पाइप आणि भिंती शोधत जातात. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आमच्याकडे त्यातली सहा झाडं पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीपासून चार फुटांवर लावली होती. टाकीला तडा जायच्या आत निघाली, एवढंच नशीब.

या काळात त्याची उत्तरं कशी बदलत गेली तेही नोंदवते, कारण कुणाला ओळखीची वाटतील. आधी, "झाडं सेट व्हायला वेळ लागतो." मग, "तुमच्याकडचं पाणी जड आहे." मग, "आईंनी जास्त पाणी घातलं असेल." मग, "लव्हाळा पावसाळ्यात आपोआप जातो" (पावसाळ्यात तो दुपटीनं माजतो). आणि मकरसंक्रांतीनंतर काहीच नाही. फोन लागतो, उचलत नाही. देखभालीच्या पोराला तर त्यानं दोन महिन्यांचे पैसेच दिले नव्हते, तो बिचारा आमच्याकडे मागायला आला.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकीलही लावलाच पाहिजे असं नाही. अडचण वेगळीच आहे: बिल नाही, पैसे तिसऱ्याच माणसाच्या नंबरवर, आणि व्हिजिटिंग कार्डावरच्या पत्त्यावर एक झेरॉक्सचं दुकान. पुरावा म्हणून माझ्याकडे व्हॉट्सअॅपच्या आठ ओळी, यूपीआयच्या तीन नोंदी, काकांच्या समोर काढलेले खड्ड्याचे फोटो आणि आईंच्या कालनिर्णयचं सप्टेंबरचं पान आहे. ते पान मी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं आहे. फळझाडांची रोपं विकणाऱ्यांना निदान १९६९ च्या कायद्यानं परवाना लागतो. पण कायद्याच्या नावातच फळं आहेत, फुलझाडं नाहीत. गुलाब-चाफा घेताना आपलं नख आणि आपली टेप.

ऑफिसातल्या मैत्रिणीनं विचारलं, मग आता बाग करायचीच नाही का? कर की. पण ट्रॉली रिकामी व्हायच्या आत माती टेपनं मोज आणि मगच तिचे पैसे दे, लॉनचे तुकडे उलटून बघितल्यावर दे, झाडांचे निम्मे पहिला पावसाळा गेल्यावर दे. या अटींना जो नाही म्हणेल त्याच्याकडून अंगणात एक कुंडीही ठेवून घेऊ नकोस. तिनं त्या माणसाला एवढंच कळवलं, तर त्यानं तिला ब्लॉक केलं.

आमचं अंगण मे महिन्यात पुन्हा खोदलं. राडारोडा काढायलाच २६,००० रुपये गेले, ते आधीच्या पावणेदोन लाखांच्या वर. लॉन नको असं सगळ्यांचं एकमत झालं. तगर, जास्वंद, अबोली आणि काकांनी आणलेला एक सोनचाफा, ज्याच्या जोडावरची गाठ मी बोटानं चाचपून पाहिली.

मातीची पहिली ट्रॉली आली तेव्हा मी टेप घेऊन वर चढले. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, ब्रासला वर हाय, मोजताय कशाला?" टेपचं दुसरं टोक आईंनी खालून धरलं. लांबी दहा, रुंदी सहा, उंची पावणेदोन. १०५ घनफूट. "बरोबर आहे," मी म्हटलं. आईंनी पदराला हात पुसले आणि आत गेल्या, रेघ मारायला.