मुंबई सिटी की एफसी गोवा: संघबांधणीच्या कसोटीवर दोन क्लब

पाटाकडील की खंडोबा, दिलबहार की बालगोपाल, यांतल्या कोणत्या तालमीचा फुटबॉल संघ आपला, हा प्रश्न कोल्हापुरात कोणालाही विचार करून सोडवावा लागत नाही. माणूस ज्या पेठेत जन्मतो, तिथली तालीम त्याची असते आणि शाहू स्टेडियमवर तो कोणत्या बाजूला बसणार, हेही त्याबरोबरच ठरून जाते. इंडियन सुपर लीग (आयएसएल) या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेत मात्र महाराष्ट्रातल्या बहुसंख्य चाहत्यांना अशी पेठ नाही. एके काळी पुण्याला ती होती. एफसी पुणे सिटीचे सामने मी बालेवाडीत पाहिले आहेत आणि 2019 मध्ये तो क्लब गुंडाळला जाऊन त्याची जागा हैदराबादला गेल्याचेही पाहिले आहे. पुढे हैदराबादचा क्लबही दिल्लीला हलला, तेव्हा दुःखापेक्षा हसूच अधिक आले. त्यामुळे आता पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा सावंतवाडीत बसून या लीगमध्ये कोणाला आपले म्हणायचे, असा प्रश्न पडलेल्या मराठी प्रेक्षकापुढे दोनच पर्याय स्वाभाविक वाटतात, ते म्हणजे मुंबई सिटी आणि एफसी गोवा. मैदानावरचा खेळ कोणीही दूरचित्रवाणीवर पाहून ठरवू शकेल. माझा भर आहे तो हे दोन क्लब खेळाडू कसे घेतात, कसे सोडतात, प्रशिक्षक कसे नेमतात आणि हे निर्णय चाहत्याच्या पदरात काय टाकतात, यावर.

करंडकांचा हिशेब मुंबईच्या बाजूने झुकतो. साखळीत अव्वल राहिल्याबद्दल मिळणारी लीग शील्ड मुंबईने 2020-21 आणि 2022-23 मध्ये जिंकली, तर बाद फेरीनंतरचा आयएसएल चषक 2020-21 आणि 2023-24 मध्ये. गोव्याकडे शील्ड एकच, 2019-20 ची, आणि आयएसएल चषक एकही नाही. 2015 ची अंतिम लढत त्यांनी घरच्या मैदानावर चेन्नईयनविरुद्ध 3-2 अशी गमावली आणि 2018-19 ची बंगळुरूविरुद्ध अतिरिक्त वेळेतल्या एकमेव गोलाने. मात्र 2021 चा ड्युरँड चषक त्यांच्या नावावर आहे आणि सुपर चषक तर त्यांनी तीनदा मिळवला आहे, 2019 मध्ये एकदा आणि 2025 या एकाच वर्षात मे आणि डिसेंबर असा दोनदा. ज्याला केवळ मोठा चषक हवा आहे, त्याने इथेच मुंबईची निवड करून पुढचे वाचन थांबवायलाही माझी हरकत नाही.

दोन्ही क्लबांच्या व्यवस्थापनातला फरक समजण्यासाठी 2020 सालच्या घडामोडींइतके दुसरे चांगले उदाहरण नाही. त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस गोवा गुणतालिकेत पहिल्या क्रमांकावर होता आणि साखळीतले फक्त तीन सामने उरले होते, तरीही व्यवस्थापनाने प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केले. 2017 पासून ज्या माणसाने या संघाला छोट्या पासांचा, चेंडू स्वतःकडे राखणारा आक्रमक खेळ शिकवला, त्यालाच शील्ड हातात येण्याच्या उंबरठ्यावर घरी पाठवण्याचा हा निर्णय मला तेव्हाही अनाकलनीय वाटला आणि आजही वाटतो. क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखाली संघाने उरलेले तिन्ही सामने जिंकले, त्यात मुंबईला 5-2 आणि जमशेदपूरला 5-0 असे हरवले, आणि शील्ड जिंकून आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचणारा गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला. म्हणजे निर्णय बरोबर होता, असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत चेन्नईयनने 4-1 असा धुव्वा उडवला, दुसरी लढत 4-2 ने जिंकूनही गोवा एकूण 6-5 असा बाहेर पडला, आणि खरी किंमत तर त्याच्याही नंतर चुकती करावी लागली.

त्याआधी काही महिने, नोव्हेंबर 2019 मध्ये, मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईचा 65 टक्के हिस्सा विकत घेतला होता. रिकाम्या झालेल्या लोबेरांना त्यांनी उचलले, आणि त्यांच्यापाठोपाठ गोव्याच्या संघाचा कणाच मुंबईला आला. ह्यूगो बूमूस, अहमद जाहू, मूर्तादा फॉल यांच्याबरोबर पहिल्या हंगामापासून गोव्याकडून खेळलेला आणि त्यांचे कर्णधारपद भूषवलेला मंदार राव देसाईही आला. एका उन्हाळ्यात इतका तयार संघ दुसऱ्याच्या घरातून उचलून आणल्याचे दुसरे उदाहरण या लीगमध्ये मला आठवत नाही. मार्च 2021 मध्ये हेच दोन संघ उपांत्य फेरीत समोरासमोर आले. दोन लढतींनंतरही बरोबरी सुटली नाही, प्रकरण पेनल्टी शूटआऊटपर्यंत गेले आणि निर्णायक पेनल्टी मारली ती मुंबईकडून खेळणाऱ्या रॉवलिन बोर्जेस या गोवेकरानेच. त्यानंतर मुंबईने अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानला 2-1 असे हरवून चषक उचलला, तोही गोव्याच्या घरच्या, फातोर्ड्याच्या मैदानावर. महासाथीमुळे गॅलरी रिकामी होती, हे गोवेकरांचे नशीबच म्हणायचे.

यावरून मुंबईची पद्धत स्पष्ट होते. माणसे वाढवत बसण्यापेक्षा तयार माणसे हेरायची, वेळेत घ्यायची आणि प्रशिक्षक बदलला तरी गाडी रुळावरून घसरू द्यायची नाही. लोबेरा वर्षभरातच ग्रुपच्या चीनमधल्या क्लबकडे गेले, त्यांच्या जागी आलेले डेस बकिंगहॅम ग्रुपच्याच मेलबर्न सिटीतून आले होते, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये तेही इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे निघून गेल्यावर पेत्र क्रात्की पुन्हा मेलबर्नहूनच आले. हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक गमावूनही मुंबईने मे 2024 मध्ये कोलकात्यात मोहन बागानला 3-1 असे हरवून चषक जिंकला, याचे श्रेय त्या पुरवठा साखळीला द्यायलाच हवे. बकिंगहॅम यांच्या काळातला 2022-23 चा संघ तर मी या लीगमध्ये पाहिलेल्या सर्वोत्तम संघांपैकी एक होता. जमशेदपूरहून ग्रेग स्टुअर्ट, केरळहून होर्गे परेरा दियाझ, गोव्याहून अल्बेर्तो नोगेरा, आणि त्याआधी चेन्नईयनहून आणलेला लालियनझुआला छांगते, हे सारे मोहरे असे जमून आले की 20 सामन्यांत 46 गुण मिळवून त्यांनी शील्ड जिंकली. छांगतेची खरेदी हा माझ्या मते या क्लबचा आजवरचा सर्वांत शहाणा निर्णय होय, कारण चेन्नईत चाचपडणाऱ्या या विंगरमधला हंगामातला सर्वोत्तम खेळाडू त्यांनी ओळखला.

परंतु तयार माणसे आणणाऱ्याला तीच माणसे तशीच निघून जाण्याचीही सवय करून घ्यावी लागते. 2024 चा चषक जिंकल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत मधल्या फळीचा आधारस्तंभ आपुइया मोहन बागानला गेला, तर राहुल भेके, नोगेरा आणि दियाझ बंगळुरूला. इथे एक नियम लक्षात घ्यावा लागतो. या लीगमध्ये मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू उतरवता येतात, म्हणजे अकरांपैकी किमान सात भारतीय असतात, आणि दर्जेदार भारतीय मध्यरक्षक व बचावपटू बाजारात मोजकेच असतात. परदेशी आघाडीपटू गेला तर त्याच्या जागी दुसरा शोधता येतो, मात्र आपुइया गेला की त्याच्या तोडीचा भारतीय खेळाडू दुसऱ्या क्लबच्या करारातून फोडूनच आणावा लागतो. मुंबईच्या व्यवस्थापनाने ही गोष्ट कमी लेखली, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या हंगामात संघ सहाव्या स्थानावर घसरला आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात बंगळुरूने त्यांचा 5-0 असा फडशा पाडला. त्या बंगळुरूच्या ताफ्यात मुंबईने सोडलेले ते तिघेही होते. 2025 मध्ये मेहताब सिंग आणि बिपिन सिंग हेही बाहेर पडले, त्यांतला बिपिन तर 2021 च्या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी विजयी गोल करणारा.

गोव्याची वाट याहून वेगळी आहे, आणि ती सरळही नाही. लोबेरांनंतर आलेले हुआन फेरांदो हंगाम सुरू असताना, डिसेंबर 2021 मध्ये, करारातल्या मुक्ततेच्या कलमाचा आधार घेऊन एटीके मोहन बागानला गेले. असे कलम मान्य करणारे व्यवस्थापनच या प्रकाराला जबाबदार होते, असे मला वाटते. तो हंगाम डेरिक परेरा यांनी कसाबसा सांभाळला आणि संघ नवव्या क्रमांकावर राहिला, तर पुढच्या वर्षी क्लबचेच माजी खेळाडू कार्लोस पेन्या यांच्याकडे सूत्रे देऊनही सातव्या क्रमांकापलीकडे मजल गेली नाही. तरीसुद्धा एका गोष्टीसाठी या क्लबला दाद द्यावी लागते. माणसे बदलली तरी कोणत्या प्रकारचा खेळ खेळायचा, हे 2017 नंतर फारसे बदललेले नाही. प्रशिक्षक निवडताना आधी शैली ठरते आणि मग नाव शोधले जाते. 2023 मध्ये मानोलो मार्केझ यांना आणणे हा त्याच विचाराचा सर्वांत यशस्वी टप्पा. हैदराबादला चषक जिंकून देणारा हा माणूस येताना ओदेई ओनाइंदियासारखे आपल्या पद्धतीत मुरलेले खेळाडू मिळवू शकला, संदेश झिंगनसारखा अनुभवी बचावपटू त्याच उन्हाळ्यात आला, आणि संघ पहिल्या हंगामात तिसरा तर दुसऱ्यात दुसरा आला. जुलै 2024 पासून वर्षभर मार्केझ भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. दोन दगडांवर पाय ठेवण्याच्या या व्यवस्थेला क्लबने मान्यता दिली, हे मला रुचले नव्हते, पण निकाल पाहता नुकसान क्लबपेक्षा भारतीय संघाचेच अधिक झाले.

गोव्याच्या बाजूने दुसरी जमेची गोष्ट म्हणजे घरचे खेळाडू. 2024 मध्ये कर्णधार ब्रँडन फर्नांडिस मुंबईला गेला, तेव्हा मंदारची आठवण होऊन अनेक गोवेकरांनी कपाळाला हात लावला असेल. पण या वेळी त्यांनी घाबरून बाजारातले महागडे नाव आणले नाही. ब्रायसन फर्नांडिस हा क्लबच्याच युवा संघातून वर आलेला मुलगा पुढे केला गेला, त्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सौदी अरेबियाचा अल नासर हा क्लब फातोर्ड्यात आला तेव्हा 2-1 अशा पराभवातला गोव्याचा एकमेव गोल त्यानेच केला. अल नासरचा रोनाल्डो त्या दौऱ्यावर आला नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी त्या गोलाची चित्रफीत पुन्हा पाहावी, एवढेच सुचवतो. बोर्जेसही 2023 मध्ये घरी परतला होता, हे जाता जाता नोंदवतो.

दोषही लपवण्यात अर्थ नाही. गोव्याचा संघ मोक्याच्या क्षणी कोसळतो, आणि हा केवळ मनोबलाचा नव्हे तर संघरचनेचाही प्रश्न आहे, कारण आक्रमक खेळाडू निवडताना दाखवलेली चोखंदळ नजर राखीव बचावपटू निवडताना अनेकदा दिसलेली नाही. एप्रिल 2024 ची ती उपांत्य लढत आठवा. फातोर्ड्यात 90 व्या मिनिटापर्यंत गोवा 2-0 ने पुढे होता, आणि पंच शेवटची शिट्टी वाजवेपर्यंत मुंबईने तीन गोल करून सामना 3-2 असा जिंकलेला होता. त्यांतले दोन गोल छांगतेचे. जो क्लब निवडाल, त्याच्याबरोबर ही अशी रात्रही कधीतरी वाट्याला येणार आहे, आणि ती गोव्याच्या चाहत्याच्या वाट्याला अधिक वेळा आली आहे.

मग निवडावे कोणाला? दोन वर्षांपूर्वी कोणी विचारले असते, तर यश हवे असेल तर मुंबई आणि जिव्हाळा हवा असेल तर गोवा, असे सोपे उत्तर मी दिले असते. आता ते पुरत नाही. लीगच्या भवितव्याबद्दल अनिश्चितता असताना डिसेंबर 2025 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईतून अंग काढून घेतले आणि क्लब पुन्हा संस्थापक मालकांच्या हाती आला. मेलबर्नहून प्रशिक्षक आणि जगभरातून खेळाडूंची माहिती पुरवणारी जी यंत्रणा मुंबईच्या यशाचा पाया होती, तीच आता नाही. तिच्याशिवाय हा क्लब खेळाडू कसे निवडतो, हे पाहायला दोन-तीन हंगाम तरी जावे लागतील. ज्याला नव्याने उभारणी होताना सोबत करण्यात रस आहे, त्याच्यासाठी हा काळ उलट आकर्षक आहे. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्याने तर अंधेरीचे मैदान सोडून अन्यत्र पाहू नये. आझाद नगर मेट्रो स्थानकातून उतरून पाच-दहा मिनिटांत गॅलरीत पोहोचता येते, मैदान लहान असल्याने खेळाडूंचे ओरडणेही ऐकू येते, आणि घरचा संघ घरी जाऊन पाहण्याला पर्याय नाही.

उरलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला, विशेषतः कोल्हापूर आणि सिंधुदुर्गातल्या, मी गोवा सुचवेन. तालमीच्या संघावर वाढलेल्या माणसाला आपल्या गल्लीतला पोरगा पहिल्या संघात उतरण्याचे अप्रूप असते, आणि ते समाधान या दोघांत सध्या गोवाच अधिक सातत्याने देतो. पुण्याचा क्लब गेल्यानंतर बराच काळ मी कोणाचाच नव्हतो, आणि अखेरीस फातोर्ड्याकडे वळलो तेही चषकांची संख्या ठाऊक असूनच. कोकण रेल्वेने मडगावला उतरावे, संध्याकाळच्या सामन्याला दोन तास आधी पोहोचावे, आणि शेजारी बसलेल्या गोवेकराला लोबेरांचा विषय मात्र काढू नये. काढलाच, तर मध्यंतर संपेपर्यंत तो थांबणार नाही.