बोन्सायसाठी घरचं सिमेंटचं पॉट: साधं जाड, हलकं का जाळीचं? आणि विकतचं कधी घ्यावं

साताऱ्याला गोडोलीत माझा मावसभाऊ असतो, त्याच्या गच्चीवर पंधरा-वीस झाडं आता आकाराला यायला लागलीत. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, "दादा, वडाला मोठा ट्रे पाहिजे, सोळा बाय बाराचा. सिरॅमिकचा भाव ऐकून गप्प बसलोय. घरीच सिमेंटचं करू का? आणि करायचं तर कसलं करू?" फोनवर अर्धा तास बोललो तरी निम्मं राहिलंच, आणि हाच प्रश्न इथं सांगली-मिरजेतले पण बरेच जण विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. तिन्ही प्रकारची पॉट मी स्वतः केलीत, त्यातली काही फुटलीत, काही आजही झाडासकट उभी आहेत.

तुलना करायची तर माप एकच धरू, बाहेरून १६ बाय १२ इंच आणि उंची ४ इंच. आता हेच पॉट तीन तऱ्हेनं करता येतं. पहिलं म्हणजे गवंडी करतो तसं साधं १ ला ३ सिमेंट-वाळूचं, भिंत एक इंच जाड, कारण त्याहून पातळ केलं की साच्यातून काढतानाच कोपरा जातो. दुसरं हायपरटुफा, म्हणजे सिमेंटात वाळूऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे), याची पण भिंत एक इंच लागतेच. आणि तिसरं फेरोसिमेंट, आत चिकनमेशची, म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी आणि बाहेरून-आतून मसाला, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू, भिंत फक्त अर्धा इंच.

आकडे काढले तर चित्र लगेच कळतं. साधं जाड पॉट रिकामं असतानाच १२ किलोच्या आसपास जातं, हायपरटुफा साधारण ७ किलो, आणि जाळीचं पण ७ किलोच्या जवळपासच. म्हणजे हलकं म्हणून हायपरटुफा करायला जाल तर तेवढंच हलकं जाळीचं पण होतं. पण खरा फरक आतल्या जागेत आहे, त्याकडं कुणी बघत नाही. एक इंच भिंतीच्या पॉटमध्ये माती बसते जेमतेम ७ लिटर, आणि अर्धा इंचाच्या पॉटमध्ये साडेनऊ लिटर! बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, पण मुळांना अडीच लिटर जास्त. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला टेकतो तेव्हा हे अडीच लिटर म्हणजे झाड संध्याकाळपर्यंत तगणार का दुपारी तीनलाच मान टाकणार एवढा फरक आहे, निदान माझ्या गच्चीवर तरी मी हे दोन उन्हाळे बघितलंय.

साध्या जाड पॉटचा फायदा एकच, कुणालाही जमतं. दोन प्लास्टिकचे टब एकात एक ठेवायचे, मधे मसाला ठासायचा, बुडाला पाइपचे तुकडे उभे करून भोकं सोडायची, झालं. एका पॉटला अडीच-तीन किलो सिमेंट लागतं, गोणी ५० किलोची, म्हणजे एका गोणीत १६ ते २० पॉट निघतील, पण गोणी आणूच नका, हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळतं ते आणा, नाहीतर पावसाळ्यात उरलेल्याचा दगड होतो. तोटा म्हणजे वजन. माती आणि पाणी धरून हे पॉट २० किलोच्या वर जातं, ते एकट्यानं उचलून उन्हातून सावलीत न्यायचं, तेही कंबर सांभाळून... शिकायला म्हणून एक करा, त्यापुढं मी तरी कुणाला सांगत नाही.

हायपरटुफा दिसायला मला सगळ्यात आवडतं, खरं सांगतो. जुन्या दगडी डोणीसारखा खडबडीतपणा येतो, आणि साताऱ्यासारख्या ठिकाणी जिथं पाऊस आमच्यापेक्षा चांगला लागतो तिथं एका पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. प्रमाण मी १ सिमेंट, दीड कोकोपीट, दीड परलाइट घेतो. पण कोकोपीट नीट धुवायला पाहिजे, दोन-तीन पाण्यातून काढून पिळून घ्यायचं, कारण नारळाच्या काथ्यातून जे तपकिरी पाणी सुटतं त्यानं सिमेंट उशिरा धरतं. माझं पहिलं हायपरटुफा असंच न धुतलेल्या कोकोपीटचं होतं, दोन दिवसांनी साचा काढला तर बोटानं खरवडलं जात होतं, शेवटी टाकून द्यावं लागलं. दुसरी गोष्ट, याच्या कडा नाजूक. मोठ्या चपट्या ट्रेला तर नकोच, दोन बाजूंनी धरून उचलला की मधे ताण येतो. मध्यम, खोलगट पॉटला मात्र उत्तम. परलाइट मिळत नाही म्हणून काहीजण थर्माकोलचे मणी घालतात, ते मला पटत नाही, कड झिजली की मणी मातीत आणि गटारात जातात.

आता जाळीचं. माझं मन यावरच बसलंय म्हणून जरा जास्त लिहितो. मोनिए नावाचा एक फ्रेंच माळी होता, त्यानं १८६७ साली आत लोखंड घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचं पेटंट घेतलं, म्हणजे आज आपण ज्याला आरसीसी म्हणतो त्याची एक सुरुवातच कुंडीतून झालेली आहे. का ते सोपंय. सिमेंट दाबाला दणकट पण ओढीला कच्चं, आणि चपटा ट्रे उचलला की बुडाला ओढच बसते. ती ओढ लोखंड घेतं. म्हणून अर्धा इंचात काम भागतं.

करायचं असं. लाकडाचा किंवा थर्माकोलचा ठोकळा आतल्या मापाचा घ्यायचा, तो पालथा ठेवून वर प्लास्टिकचा कागद ओढायचा. जळकं ऑइल लावू नका, गवंडी लावतात पण ते सेंट्रिंगला ठीक आहे, झाडाच्या पॉटला नाही. त्यावर चिकनमेशचे दोन थर बाइंडिंग वायरनं बांधून घ्यायचे, कडेला एक जाड तार फिरवायची. मी तासगावकडच्या एका पाहुण्यांकडून द्राक्षबागेतली उरलेली जीआय (जस्त चढवलेली) तार आणतो, मांडवाची, ती कडेला इतकी छान बसते की विकत काही घ्यायलाच लागत नाही. मसाला १ ला २, वाळू चाळून, आणि पाणी कमीत कमी, हातात गोळा केला तर गोळा राहिला पाहिजे, पाझरला नाही पाहिजे. हा मसाला जाळीतून आतपर्यंत बोटानं दाबत न्यायचा. हातमोजे घालाच, ओलं सिमेंट हात खातं, हे कुठलाही गवंडी सांगेल. जाळीवर दोन्हीकडून निदान ३-४ मिलिमीटर मसाला राहिला पाहिजे, जिथं जाळी उघडी दिसते तिथं पाणी जाऊन गंज धरतो, गंज फुगतो आणि पापुद्रा उडवतो. माझ्या एका ट्रेचा पाय असाच दुसऱ्या वर्षी गेला.

आकाराबाबत एक गोष्ट तिन्ही प्रकारांना सारखीच लागू. तोंड आत वळलेलं करू नका, भिंत वर जाताना किंचित बाहेर कलती ठेवा. दोन-तीन वर्षांनी रिपॉटिंग करताना, म्हणजे झाड काढून माती बदलताना, मुळांचा गठ्ठा आख्खा बाहेर यायला हवा, तोंड आत असेल तर कोयत्यानं मुळं कापत बसावं लागतं. आणि पाणी निघायच्या मोठ्या भोकांशेजारी झाड बांधायची तार ओवायला चार बारीक भोकं आत्ताच सोडा, नंतर ड्रिल मारायला गेलात की तडा. पाय पण करा, बूड जमिनीला टेकलं की पाणी निघत नाही.

वाळूबद्दल. नदीची वाळू आता मिळणं अवघड झालंय, सगळीकडं क्रश सँडच, म्हणजे दगड फोडून केलेली वाळूच येते. ती चालते, पण तिच्यात भुकटी जास्त असली की मसाला पाणी मागतो, आणि जास्त पाण्याचा मसाला वाळताना आकसून तडे देतो. बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवा, तासभर ठेवा, वर गाळाचा जाड थर बसला तर धुवून घ्या.

सिमेंट कुठलं, तर मी पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) घेतो. त्यात फ्लाय ॲश म्हणजे कोळशाची बारीक राख असते, ती सिमेंटातला मोकळा चुना हळूहळू वापरून टाकते, त्यामुळं पांढरी खरवड कमी येते आणि झाडाला पण ते बरं. फक्त ते सावकाश ताकद धरतं, म्हणून ओलं जास्त दिवस ठेवायचं. ओपीसीला, म्हणजे बिनराखेच्या साध्या सिमेंटला ७ दिवस म्हणतात, पीपीसीला किमान १०, आणि आपल्या उन्हात १४ धरा. गोणपाट गुंडाळा, वर प्लास्टिक टाका, सावलीत ठेवा. लोक इथंच घाई करतात, चौथ्या दिवशी वाळलेलं दिसतं म्हणून झाड लावतात. अहो, सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी मिळून घट्ट होतं, वाळलं तर ते काम तिथंच थांबतं.

मग चुना उतरवायचा. ताज्या सिमेंटाच्या पाण्याचा पीएच (आंबट-खारेपणाचं माप, साधं पाणी ७ च्या आसपास) १२ च्या वर असतो, बारीक मुळं त्यात जळतात. ड्रममध्ये पॉट बुडवून ठेवायचं, दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, असं तीन आठवडे. व्हिनेगर लावलं तर वरचा थर साफ होतो, आतला चुना नंतर परत बाहेर येतो, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. आणि उतरला का नाही हे बघायला पीएचपट्टी नसली तरी अडत नाही, सांगलीत हळद नाही असं घर नाही! हळद आणि चुना मिसळून कुंकू करतात ना, तीच गोष्ट. कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा, पॉट दोन दिवस भिजलेल्या पाण्यात बुडवा, लाल-तांबूस झाला तर अजून चुना आहे. शेजारी दुसरा कागद नळाच्या पाण्यात बुडवा, दोन्ही सारखेच पिवळे राहिले की झाड लावायला हरकत नाही. माझ्या आईनं हे सुचवलं, तेव्हापासून मी पट्ट्या आणल्या नाहीत.

तरीही सगळी झाडं सिमेंटात ठेवू नका. वड, पिंपळ, उंबर यांना काही फरक पडत नाही, भिंतीच्या फटीत उगवणारी झाडं ती, चुना त्यांच्या ओळखीचा आहे. पण इक्झोरा, अनंत, अझेलिया यांना आंबट (आम्लधर्मी) माती लागते, सिमेंटात कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यांना सरळ सिरॅमिक घ्या.

विकतच्यांचं थोडक्यात. कुंभाराकडची मातीची कुंडी स्वस्त, मुळांना हवा मिळते, पण चपटा मोठा ट्रे भट्टीत वाकतो आणि आमच्या उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी मागतो. प्लास्टिकचा ट्रे ट्रेनिंगच्या झाडाला, जिथं अजून खोड जाड करायचंय, तिथं बिनधास्त वापरा, त्यावर सिमेंटची मेहनत घालवू नका. सिरॅमिकची बरोबरी मात्र घरच्या पॉटनं होत नाही, ग्लेझचा म्हणजे वरच्या काचेरी थराचा रंग, कडेची सफाई, ती वेगळीच. वीतभर उंचीच्या लहान झाडाला तर सिरॅमिकच घ्या, एवढ्याशा मापात सिमेंटची भिंत जाड दिसते, झाडाची नजाकत जाते, आणि लहान पॉटचा भाव पण परवडतो. सिमेंटचा हिशोब मोठ्या मापाला जुळतो, १४ इंचाच्या पुढं, जिथं विकतचा भाव एकदम उडी मारतो.

रंग द्यायचा तर वरून ऑइलपेंट नको, मसाल्यातच ऑक्साइड घाला, जुन्या घरांच्या लाल कोब्यात घालायचे तेच, सिमेंटाच्या वजनाच्या ५ टक्के पुरे. काळा छान दिसतो पण तापतो, पॉटच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर दुपारी हात ठेववत नाही, म्हणून मी थोडा लाल आणि अगदी चिमूटभर काळा घालतो.

तर मावसभावाला मी सांगितलंय ते असं. वडाला जाळीचा ट्रे कर, करवंदाला हवं तर हायपरटुफाचं खोलगट कर, तुझ्या हाताला तो खडबडीतपणा जमेल. अनंताला हात लावू नको, तो आहे त्या सिरॅमिकमध्ये राहू दे. छोट्या तीन फायकसना (वडाच्याच जातकुळीतली झाडं) विकतचं घे. दिवाळीनंतर ओत, थंडीत मसाला सावकाश धरतो आणि तडे कमी पडतात, डिसेंबरात चुना उतरव, म्हणजे मार्चमध्ये वडाला नवी पालवी सुटायच्या टायमाला पॉट हातात असेल. त्याच्याकडं ठोकळा नाही, माझा १५ बाय ११ चा सागवानी आहे, तो शनिवारी एसटीच्या पार्सलनं पाठवतोय, सोबत द्राक्षबागेची तार पण चार मीटर बांधून देतो.