पेटीतले कोरे बूट

उताराची वाट होती, पाठीवर बारा किलोंची सॅक. उजव्या पायाखाली काहीतरी लपलपलं म्हणून पाहिलं, तर बुटाचा सोल टाचेपासून सुटून लोंबत होता. तासाभरात डावाही गेला. ट्रेकिंगचे हे बूट घेऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

मित्राने नाडी सोलखालून फिरवून वर बांधली, त्यावर डक्ट टेप गुंडाळला. दगडांवर टेप फाटायचा, की थांबून पुन्हा बांधायचा. एका ओल्या खडकावर पाय सटकला आणि घोटा मुरगळला. पाठीवर ओझं असताना उतारावर पायाखालचा आधार जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी तिथे एकटी असते तर? हा विचार अजून जात नाही.

विक्रेत्याने माझ्यासमोर पेटी उघडली होती. "ताई, एकदम कोरा माल, पायसुद्धा घातला नाही कुणी." ते खरंच होतं. फसवणूक तिथेच होती.

अशा बुटांच्या मधल्या थरात, म्हणजे सोल आणि वरच्या चामड्याच्या मध्ये, बहुधा पॉलियुरेथेन हे फेसाळ प्लास्टिक असतं. हवेतल्या ओलाव्याने ते हळूहळू आतून कुजतं, बूट वापरा अगर न वापरा. उलट पेटीत पडून राहिलेले बूट वापरातल्या बुटांपेक्षा लवकर जाऊ शकतात. वरचं चामडं चकचकीत, नाड्या नव्या, आणि आत भुसा. त्यामुळे 'कोरा' या शब्दाला काही अर्थ नाही. बूट बनला कधी, ते विचारायचं.

मी विचारलं नाही. बऱ्याच बुटांत जिभेच्या आत साइझचं लेबल असतं आणि त्यावर अनेकदा उत्पादनाचा महिना-वर्ष असतो. माझ्या बुटांचं लेबल कापलेलं होतं. "टोचतं, म्हणून काढून टाकतो आम्ही," असं सांगितलं आणि मी मान डोलावली. सोलच्या कडेने ताज्या गोंदाची चमकती रेघ होती, तीही दिसली होती.

आता मी मधल्या थरावर अंगठा जोरात दाबते. बारीक भेगा, चिकटपणा किंवा भुगा दिसला, की बूट परत. वरून धडधाकट दिसणारा थरही आतून गेलेला असू शकतो, म्हणून तारीख नसेल तर घेतच नाही.

"वापरून सैल होतील" हेही ऐकून घेतलं होतं. चामडं रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला बूट वाढत नाही. संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, चालताना घालणार तेच मोजे घालून बघा. नाड्या न बांधता बोटं पुढे टेकवल्यावर टाचेमागे एक बोट जायला हवं. मग नाड्या आवळून उतरत्या फळीवर उभं राहा. अंगठा पुढे आपटला, तर लांब उतारावर नख काळं होणारच.

परत गेले तेव्हा उत्तर मिळालं, "पाण्यात वापरलेत तुम्ही." पावतीवर ना मॉडेलचं नाव होतं, ना तारखेचा उल्लेख, त्यामुळे वाद घालायला हातात काहीच नव्हतं. घरी येऊन सुटलेला सोल उलटा केला. आतल्या बाजूला साच्याचा एक छोटा गोल शिक्का होता आणि त्याच्या मधोमध वर्ष. बूट आठ वर्षांपूर्वीचे होते.